लैंगिक अत्याचारानंतर गावातच आधार: कोणी, कसा, कुठवर?

प्रभागसंघ_झरी

नमस्कार. झरी जामणी तालुक्यातल्या आमच्या बचत गटांच्या प्रभागसंघात विचार चालू आहे की बाईवर किंवा मुलीवर अत्याचार झाला, तर तिच्यासोबत उभं राहणारी माणसं गावातच असावीत. यवतमाळचं सखी केंद्र (अत्याचारग्रस्त बायांना एकाच ठिकाणी मदत देणारं सरकारी केंद्र) गाठायला अर्धा दिवस जाते, संध्याकाळनंतर एसटी नाही, आणि तेवढ्यात गावात बैठक बसून प्रकरण 'मिटवलं' जाते. समिती किती जणींची करावी? आधी दवाखाना की आधी ठाणं? कोलामी (कोलाम आदिवासींची भाषा) बोलणाऱ्या बायांसाठी काय करायचं? ज्यांना हे काम माहीत आहे त्यांनी नेमकं सांगावं.

गटप्रवर्तक_ताई

ताई, आधी दवाखाना. तक्रार द्यायची की नाही हे सज्ञान बाईनं ठरवलेलं नसलं तरी तिला तपासणी आणि उपचार मिळालेच पाहिजेत, तेही फुकट. सरकारी असो वा खासगी, कोणताच दवाखाना "आधी एफआयआर आणा" म्हणू शकत नाही. उपचार नाकारणं हा भारतीय न्याय संहितेच्या कलम २०० खाली गुन्हा आहे. दवाखाना पोलिसांना कळवेल, पण तक्रार द्यायची नसेल तर तिचा नकार कागदावर नोंदवून घेतात आणि उपचार चालूच राहतात.

तासांचा हिशोब सोबत जाणाऱ्या बाईच्या डोक्यात पक्का हवा. एचआयव्ही टाळण्याची औषधं ७२ तासांच्या आत सुरू व्हावी लागतात, जितकी लवकर तितकी बरी, आणि पूर्ण २८ दिवस घ्यावी लागतात. मळमळ होते म्हणून बऱ्याच जणी आठवड्याभरात सोडून देतात, त्यामुळे रोजची गोळी विचारणारं कोणीतरी पाहिजे. गर्भ राहू नये म्हणूनची गोळी (लेव्होनॉरजेस्ट्रेल, १.५ मिलिग्रॅम) ७२ तासांत द्यावी. उशीर झाला तरी पाचव्या दिवसापर्यंत डॉक्टरांना विचारावं. दोन-तीन तासांत उलटी झाली तर पुन्हा द्यावी लागते. ही गोळी आशाताईकडेही असते, तिथंच देता येते. पाळी चुकली तर गर्भ तपासायच्या निश्चय किटवर तपासा. गर्भ राहिलाच, तर अत्याचारग्रस्त बाईला २४ आठवड्यांपर्यंत गर्भपात करून घेता येतो. २० आठवड्यांनंतर दोन डॉक्टरांचं मत लागतं. २४ ओलांडले की हायकोर्टाच्या नागपूर खंडपीठाचा दरवाजा, म्हणून लाजेपायी दिवस जाऊ देऊ नका.

अंगावरचे नमुने साधारण ९६ तासांपर्यंत घेतात. तोवर आंघोळ, कपडे धुणं टाळावं. पण आंघोळ झाली असेल तर "आता काय उपयोग" म्हणून घरी बसवू नका, तसंच न्या. कपड्यांच्या बाबतीत गावात हमखास चूक होते: सगळे एका पन्नीत कोंबून नेतात. पन्नीत ओल राहते, बुरशी धरते आणि डीएनए जातो. ओले असतील तर सावलीत वाळवा, प्रत्येक कपडा वेगळा, वर्तमानपत्राच्या कागदात गुंडाळा. आणि तिच्यासाठी अंगावर घालायचा पूर्ण जोड सोबत घ्या, आतल्या कपड्यांसकट. अंगावरचे कपडे दवाखाना ठेवून घेतो आणि बाईला चादर पांघरून परत यायची वेळ येते.

आणखी एक. अंगावर जखम नसणं म्हणजे काही घडलंच नाही, असं होत नाही. दोन बोटांची चाचणी (योनीत बोटं घालून बाईला संबंधांची 'सवय' आहे का ते पाहणं) सुप्रीम कोर्टानं चुकीची ठरवली आहे. कोणी ती करू लागलं तर सोबतच्या बाईनं तिथंच हरकत घ्यावी. महिला डॉक्टर नाही म्हणून सज्ञान बाईची तपासणी उद्यावर ढकलता येत नाही, सोबत बाईमाणूस असलं की झालं. १८ च्या आतल्या मुलीसाठी मात्र महिला डॉक्टरच लागते. अहवालाची प्रत मागून घ्या, ती फुकट मिळते.

विधी_स्वयंसेविका_पांढरकवडा

वरच्या ताईंनी दवाखान्याचं सविस्तर सांगितलं, मी ठाण्याचं सांगते. हद्द आमची नाही हे कारण चालत नाही: कोणत्याही ठाण्यात शून्य क्रमांकानं एफआयआर होते, आणि ती महिला अधिकाऱ्यानं नोंदवायची असते. प्रत फुकट. घेतलीच नाही तर तोच मजकूर पोलीस अधीक्षकांना रजिस्टर्ड पोस्टानं पाठवा, पावती जपा.

गावगटासाठी कामाचं कलम म्हणजे नागरिक सुरक्षा संहितेतलं १७६. बलात्काराच्या गुन्ह्यात पीडितेचा जबाब तिच्या घरी किंवा ती म्हणेल तिथे, आई-वडील, जवळचे नातेवाईक किंवा त्या भागातल्या सामाजिक कार्यकर्तीसमोर घ्यायचा असतो. म्हणजे तुमच्या गटातली बाई तिथं बसणार ती कोणाच्या उपकारानं नाही. रात्री कोणालाही ठाण्यात एकटं थांबू देऊ नका. १९७२ मध्ये आपल्याच भागात, देसाईगंजच्या ठाण्यात एका आदिवासी मुलीवर अत्याचार झाल्याचं प्रकरण घडलं. १९७८ मध्ये सुप्रीम कोर्टानं दोन्ही पोलिसांना सोडलं, देशभर बाया रस्त्यावर उतरल्या आणि १९८३ मध्ये कायदा बदलावा लागला.

कोलामीचं: दुभाषी बाई आधीच ठरवून ठेवा. आरोपीच्या गोतातली नको, पुढारी तर नकोच. जबाब सही-अंगठ्याआधी कोलामीतून पूर्ण वाचून दाखवायला लावा, आणि दुभाषीचं नाव त्यावर लिहून घ्या. "शेतावर नेलं" आणि "शेतावर गेली" यातला फरक इथंच हरवतो.

पीडिता आदिवासी किंवा अनुसूचित जातीची असेल आणि आरोपी त्याबाहेरचा, तर ॲट्रॉसिटीचं कलम सुरुवातीलाच लागलं की नाही ते एफआयआरमध्ये तपासा. तपास पोलीस उपअधीक्षकाच्या खालच्या माणसाकडे जात नाही, आणि या कायद्याखाली बलात्कारासाठी मिळणाऱ्या सरकारी मदतीची निम्मी रक्कम वैद्यकीय तपासणी व तिच्या अहवालानंतर मिळायला हवी. अडतं ते जातीच्या दाखल्यापाशी. मनोधैर्य योजनेचा (अत्याचारग्रस्तांसाठी राज्याची अर्थसाहाय्य योजना) अर्ज वेगळा, जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे. वकीलही तिथूनच फुकट मिळतो, कमाईची अट बायांना नाही, हेल्पलाइन १५१००. बँकेचं खातं तिच्या एकटीच्या नावाचं असावं.

प्रभागसंघ_झरी

खूप उपयोगी. दोन शंका. तंटामुक्ती समितीनं "आपसात पाहू" म्हटलं तर? आणि मुलगी १६-१७ ची असून "कोणाला सांगू नका" म्हणाली तर?

सोबतीण_मेळघाट

तंटामुक्तीला या गुन्ह्यात तडजोड करायचा अधिकारच नाही. लग्न लावून देणं, दंड, जेवण, काहीही केलं तरी गुन्हा मिटत नाही. बैठकीला जाऊच नका. गेलात की "दोन्ही बाजू" होतात आणि तिच्या घरचे दबावात येतात.

अल्पवयीन मुलीला "कोणालाच सांगणार नाही" असा शब्द आधी देऊ नका. पोक्सोच्या (मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराविरुद्धचा कायदा) कलम १९ प्रमाणे माहिती असणाऱ्यानं पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे. तिनं सगळं सांगायच्या आधीच हे तिला सांगा: कळवावं लागेल, पण तुझ्याशिवाय काही होणार नाही, मी सोबत असेन. मुलांसाठीच्या हेल्पलाइनला, १०९८ वर बोला. बालकल्याण समितीकडून सहायक व्यक्ती मागा, ती खटला संपेपर्यंत सोबत असते.

समिती मोठी करूच नका. दहा जणींची समिती म्हणजे दहा घरांत बातमी. प्रत्येक गावात दोघी, तिसरी शेजारच्या गावातली, कारण आरोपी बहुतेक ओळखीचाच निघतो आणि गावातल्या दोघींपैकी एक त्याची नातलग असू शकते. पोलीस पाटलाला कधी, काय सांगायचं ते तिला विचारून. ग्रामसंघाच्या रजिस्टरात नाव, गाव, तारीख काहीच लिहायचं नाही. प्रवासाचा खर्च "आरोग्य मदत" म्हणून टाका. व्हॉट्सॲपवर फोटो सोडाच, "अमुकच्या मुलीसोबत" एवढंही नाही. ओळख पटेल असं काही पसरवणं हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ७२ चा गुन्हा आहे. भेटायला जाताना आळीपाळीनं, बचतीच्या पैशाच्या निमित्तानं जा. जीपगाडी थांबली की गल्ली विचारते.

पहिल्याच दिवशी घरातलं फवारणीचं औषध बाहेर काढा. वावरातल्या कोठीत कुलूप लावा, किल्ली दुसऱ्याकडे. आपल्याकडे कपाशीच्या हंगामात ते पलंगाखाली पडलेलं असते आणि पहिले काही आठवडे फार नाजूक असतात. ती जेवत नाही, झोपत नाही, एकटी बसते असं दिसलं तर १४४१६ वर (टेलि-मानस, मानसिक आरोग्याची हेल्पलाइन) तिच्यासोबत बसून फोन लावा.

कोर्टाचं काम मात्र लांबतं आणि तिथंच सोबत सुटते. वेचणीच्या दिवसांत तारीख आली की रोजी बुडते, म्हणून ग्रामसंघाच्या निधीतून त्या दिवसाची मजुरी आणि बसभाडं आधीच बाजूला काढा. ॲट्रॉसिटीच्या प्रकरणात प्रवास आणि निर्वाहभत्ता सरकारनं द्यायचा असतो, तो अर्ज त्याच दिवशी द्या. जबाब आणि साक्ष यांत मधे दीर्घ काळ गेलेला असतो. साक्षीच्या आदल्या दिवशी सरकारी वकिलांना भेटून तिचा जबाब तिला हळूहळू वाचून दाखवायला सांगा, कोलामी असेल तर दुभाषीसह. एखादा वार किंवा वेळ उलटसुलट झाली की उलटतपासणीत नेमकं तेच धरतात.