आगरकर: आपण वाया घालवला की तो वाया गेला?

पार्काचा_कठडा

रविवारी शिवाजी पार्कच्या कठड्यावर नेहमीची टोळी बसली होती. विषय बुमराहचा निघाला. २०२५ च्या इंग्लंड दौऱ्यात तो पाचही टेस्ट खेळणार नाही हे आधीच ठरलं होतं, आणि ते जाहीर करणारे निवड समितीचे अध्यक्ष होते अजित आगरकर. त्यावर आमच्यातला सगळ्यात लहान, वय वर्षं चोवीस, सहज बोलून गेला, "स्वतः काय दिवे लावले होते याने? सात भोपळे ना?"

चहा हातातच राहिला. म्हणून हा धागा.

माझं म्हणणं सरळ आहे. वनडेत विकेट काढण्यात आगरकरच्या तोडीचे फास्ट बॉलर आपल्याकडे फार झाले नाहीत, आणि त्याची सगळ्यात जास्त टिंगल आपण मुंबईवाल्यांनीच केली. १ एप्रिल १९९८ ला कोचीत ऑस्ट्रेलियाविरुद्ध पहिली मॅच. तिथून २३ वनडेत ५० विकेट. डेनिस लिलीला २४ लागल्या होत्या. तो विक्रम २००९ मध्ये अजंता मेंडिसने मोडला. एकूण १९१ मॅच, २८८ विकेट. भारतातर्फे त्याच्या वर फक्त कुंबळे आणि श्रीनाथ. झहीरसुद्धा खाली. सरासरी (एका विकेटमागे दिलेल्या धावा, कमी तितकं चांगलं) आगरकरची २७.८५, श्रीनाथची २८.०८. श्रीनाथला आपण ग्रेट म्हणतो (आहेच), आणि याला बोंबील (भोपळा म्हणजे इंग्रजीत 'डक', म्हणून 'बॉम्बे डक').

१९९८ सालचा आगरकर आठवा. विशीतला पोरगा, अंगावर मांस नाही, रन-अप छोटा, हात मात्र चाबकासारखा. आणि त्या वर्षी आपल्या टीमने वनडेचा रतीब घातला होता. कधी शारजा, कधी कोलंबो, कधी झिम्बाब्वे. 'वर्कलोड' हा शब्द तेव्हा कुणाच्या तोंडी नव्हता. पुढे दुखापती झाल्या की आपणच म्हणायचं, "नाजूक आहे हो." आज हाच माणूस दुसऱ्याच्या पाठीची काळजी घेतोय तर त्यात हसण्यासारखं काय आहे?

हिशेबनीस

साहेब, वनडेचे आकडे दिलेत, टेस्टचे खिशातच राहिले. मी देतो. २६ टेस्ट, ५८ विकेट, सरासरी ४७.३२. डावात पाच विकेट किती वेळा? एकदा. आठ वर्षांत एकदा!

वनडेतही ओव्हरला ५.०७ धावा. आजच्या पोरांना हा आकडा बरा वाटेल, पण तेव्हा २५० केले की मॅच खिशात. श्रीनाथचा इकॉनॉमी ४.४४ होता. आगरकर दोन विकेट काढायचा आणि त्या दोन विकेटची किंमत पुढच्या तीन ओव्हरमध्ये वसूल करून द्यायचा. एक यॉर्कर, एक पायावर, एक आखूड. कॅप्टनने फील्ड लावायची तरी कशी? २००३ च्या वर्ल्ड कपला तो टीममध्ये होता. फायनलपर्यंत गेलो आपण. किती मॅच खेळला? शून्य. गांगुलीला वेड लागलं नव्हतं.

शिवाय त्याचे मोठे दिवस काढून बघा. लॉर्ड्सवर १०९ नाबाद, हरलो. मेलबर्नला वनडेत ६/४२, हरलो. जमशेदपूरला तिसऱ्या नंबरवर येऊन ९५, हरलो. याला मी अन्याय म्हणत नाही.

बोंबील_फ्राय

माझ्या आयडीची विटंबना थांबवा.

पार्काचा_कठडा

@हिशेबनीस, मेलबर्नला सहा विकेट काढून हरलो, तर तो दोष बॉलरचा? अठरा धावांनी हरलो होतो. बॅट्समन काय करत होते ते विचारा की.

आणि भोपळ्यांचंही एकदाच मिटवू. १९९९-२००० च्या ऑस्ट्रेलिया दौऱ्यात ओळीने पाच, त्यातले पहिले चार तर पहिल्याच चेंडूवर. मग २००१ ला वानखेडेवर ऑस्ट्रेलियाविरुद्धच आणखी दोन. झाले सात. पण त्याच माणसाने डिसेंबर २००० मध्ये राजकोटला झिम्बाब्वेविरुद्ध २१ चेंडूंत पन्नास ठोकले, आणि २००२ ला लॉर्ड्सवर टेस्ट शतक, जे गावसकर आणि तेंडुलकर दोघांनाही कधी जमलं नाही. आचरेकर सरांच्या हाताखाली तो आधी बॅट्समन म्हणूनच वाढला होता.

मुळा_मुठा

बाहेरून एक प्रश्न विचारू का? मुंबईचा नसता तर इतक्या वेळा परत आला असता का? आम्ही पुण्याचे लोक आपले उगाच विचारतो.

पार्काचा_कठडा

आलं! वाटच बघत होतो. २००७ मध्ये तो टीमबाहेर गेला तो कायमचा. तेव्हा निवड समितीचे अध्यक्ष कोण? दिलीप वेंगसरकर. दादर युनियनचे. लॉबी असती तर तिथे दिसली असती. त्याच्या आधी २००१ ला वानखेडेची टेस्ट हरल्यावर ईडनला त्याला बसवलं, आणि ती ईडनची टेस्ट कोणती होती हे पुण्यातही माहीत असेल.

मुळा_मुठा

माहीत आहे. त्याला बसवलं आणि जिंकलो. :)

क्रॉस_मैदान_एंड

मी फारशी लिहीत नाही इथे, पण कॉलेज आणि क्लबकडून आठ वर्षं नवा बॉल टाकला आहे, माझी उंची पाच फूट तीन, त्यामुळे हा विषय माझ्या घरचा आहे.

उंच बॉलरचा बॉल टप्प्यावरून वर चढतो. आमच्यासारख्यांचा चढत नाही, घसरतो. बॅट्समनला वाटतं अजून वेळ आहे, आणि तोवर बॉल पॅडवर किंवा दांडीवर आलेला असतो. आगरकरच्या किती विकेट एलबी आणि बोल्ड आहेत ते आठवून बघा. वनडेत हे जमून जातं, कारण समोरचा मारायला आलेला असतो, बॅट आडवी येते. टेस्टमध्ये तो मारतच नाही. सरळ बॅटने थोपवतो आणि तुमच्या चुकीच्या बॉलची वाट बघतो. उंच माणसाचा टप्पा वीतभर चुकला तरी उसळी सांभाळून घेते. आपला चुकला की थेट चौकार. सांभाळून घेणारं काहीच नाही. म्हणून बुटक्या फास्ट बॉलरला एकतर अचूकता लागते किंवा बॉल दोन्हीकडे नेता यावा लागतो. आगरकरकडे वेग होता, आउटस्विंग होता, दिवस चांगला असला की रिव्हर्सही. अचूकता मात्र रोजची नव्हती.

त्यामुळे २७ आणि ४७ हे दोन्ही आकडे खरे आहेत, एकाच माणसाचे आहेत, आणि त्यात मला गूढ काही वाटत नाही. आमचे कोच मला म्हणायचे, "तू दमलीस की बॉल आधी सांगतो, चेहरा नंतर." संध्याकाळी चारच्या स्पेलला माझा बॉल अर्धा फूट आखूड पडायचा आणि मला कळायचंही नाही. पाच दिवस हे करायचं म्हणजे काय, ते कठड्यावरून दिसत नाही (कठडा साहेबांनी राग मानू नये).

हिशेबनीस

ताई, पहिल्यांदाच या धाग्यात कुणीतरी क्रिकेटवर बोललं. सहमत.

जुना_गिरगावकर

मंडळी, तुम्ही १९९८ पासून सुरू करता. मी जरा मागे जातो.

रमाकांत देसाई. आम्ही 'टायनी' म्हणायचो. आगरकरपेक्षाही बुटके, अंगाने काडी. २८ टेस्ट, ७४ विकेट. पाकिस्तानच्या हनीफ मोहम्मदसारख्या बॅट्समनला त्यांनी सतावून सोडलं होतं. १९६० च्या डिसेंबरात ब्रेबर्नवर पाकिस्तानविरुद्ध दहाव्या नंबरवर येऊन ८५ केले, नाना जोशींबरोबर नवव्या विकेटला १४९. मी आठ वर्षांचा, वडिलांच्या खांद्यावर, आणि मला दिसत होती फक्त समोरच्या माणसाची काळी टोपी. टाळ्या ऐकून धावा मोजल्या. त्यांच्याकडूनही इतकी बॉलिंग करून घेतली की पार पिळून काढलं. पुढे तेही निवड समितीचे अध्यक्ष झाले. आणि गेले कधी? एप्रिल १९९८. ज्या महिन्यात आगरकर भारतासाठी खेळू लागला, त्याच महिन्यात. मी ज्योतिष मानत नाही, पण हे लक्षात राहिलंय.

आता माझं मत. दोष आगरकरचा नाही आणि कॅप्टनचाही नाही. या शहराला फास्ट बॉलरचं काय करायचं हेच कधी कळलं नाही. आमची कांगा लीग ही क्लबांची स्पर्धा १९४८ पासून भर पावसात. आझाद मैदानावर रन-अपमध्ये चिखल, त्यावर लाकडाचा भुसा टाकायचा, तरी पाय सरकायचा. पूर्ण धावत आलात तर तोंडावर. मग चार पावलं कमी करा, वेग कमी करा, आणि ओल्या विकेटवर नुसता सीमवर बॉल ठेवा. पन्नाशीतला माणूस पाच विकेट काढून घरी जातो, आणि अठरा वर्षांचा वेगवान पोरगा हात हलवत. बॅट्समनला त्या विकेटने तंत्र शिकवलं हे खरं, पण वेगवान पोराला तिने काय दिलं?

पार्काचा_कठडा

काका, टोपीवाला प्रसंग अजून येऊ द्या. पण कांगा लीगला मी पूर्ण दोष देणार नाही. आजचे पोरगे पालघर-कल्याणहून किट घेऊन लोकलने येतात आणि खेळतात भारताकडून, शार्दूल ठाकूर आलाच की.

जुना_गिरगावकर

आला. पण त्यालाही सगळे 'बॅटिंग येते हो' म्हणूनच ओळखतात. माझा मुद्दा तोच आहे.

ठाण्याचा_लेफ्टी

ॲडलेडचं कुणी लिहिणार आहे की नाही?

१५ डिसेंबर २००३, सोमवार. मी दहावीत. बाबांची ८.०५ ठरलेली, आमच्या घरात घड्याळ त्या लोकलवर लावायचे. ऑस्ट्रेलियाचा दुसरा डाव सुरू झालेला. पहिल्या डावात पाँटिंगने २४२ केले होते, तो आला म्हणजे संपलंच, असं म्हणत बाबा बूट घालायला बसले. एक बूट पायात, दुसरा हातात, आणि पाँटिंग चोप्राच्या हातात. शून्य. बाबांनी दुसरा बूट घातलाच नाही. तसेच, एका पायात बूट, एका पायात मोजा, सोफ्याच्या कडेवर. आई म्हणाली, "अहो, आठ वाजले." बाबा म्हणाले, "वाजू देत."

आगरकर ६/४१. ऑस्ट्रेलिया १९६. दुसऱ्या दिवशी द्रविडने काम पूर्ण केलं आणि सगळीकडे त्याचेच फोटो. बरोबरच आहे, २३३ आणि नाबाद ७२. पण १९८१ नंतर ऑस्ट्रेलियात पहिली टेस्ट आपण जिंकली ती वीस विकेट पडल्या म्हणून. @हिशेबनीस, तुमच्या 'डावात पाच विकेट एकदाच' मधला तो एकदा हाच.

हिशेबनीस

मान्य. त्या सकाळी मीही लेक्चर बुडवलं होतं. पण एका सकाळीवर २६ टेस्ट तोलता येत नाहीत. २००६ ला लाहोरनंतर टेस्टचे दरवाजे बंद झाले तेव्हा तो अठ्ठावीस वर्षांचा होता. त्याच वर्षी झहीर टीमबाहेर होता, वूस्टरशायरला गेला, रन-अप आखूड केला, बॉलिंग नव्याने बांधली, आणि परत येऊन वेगळाच बॉलर झाला. श्रीरामपूरचा पोरगा. आगरकरने स्वतःला असं कधी मोडून बांधलं नाही. माझी खरी तक्रार तिथे आहे.

क्रॉस_मैदान_एंड

झहीर डावखुरा आणि उंच आहे हो. मोडून बांधायला सामान तरी हवं.

पार्काचा_कठडा

आणि आगरकरनेही शेवटी हात वर केले नाहीत. जानेवारी २०१३, वानखेडे, रणजी फायनल, सौराष्ट्र दुसऱ्या डावात ८२ मध्ये गुंडाळला. मुंबईची चाळिसावी ट्रॉफी. कॅप्टन आगरकर. मी गरवारे स्टँडमध्ये होतो, आणि स्टँडमध्ये माझ्याशिवाय फार तर शंभर माणसं.

बोंबील_फ्राय

तो चोवीस वर्षांचा पोरगा काय म्हणाला शेवटी?

पार्काचा_कठडा

त्याला ॲडलेडची क्लिप पाठवली. रात्री उत्तर आलं: "भारी होता. पण ४७ म्हणजे ४७ च ना काका?"

४७ चं जाऊ द्या. काका?

जुना_गिरगावकर

सवय होईल.