मदत हवी आहे: सासूबाईंसोबत निवृत्तिनाथांच्या दिंडीत जायचंय, पायात काय घालू?

राम कृष्ण हरी मंडळी.

यंदा सासूबाईंसोबत निवृत्तिनाथ महाराजांच्या पालखीबरोबर चालायचं ठरलंय. त्या थेट पंढरपूरपर्यंत, मी रजेच्या हिशेबाने अहिल्यानगरपर्यंत. त्र्यंबकहून निघून सातपूर, नाशिक, पळसे, सिन्नर असं पुढे पुढे. सासूबाई साठीच्या पुढे आहेत, शुगरची गोळी चालू आहे, पण चालायला लागल्या की मला मागे टाकतात. मी दिवसभर खुर्चीत बसणारी.

सराव म्हणून आम्ही पहाटे गंगापूर रोडने सोमेश्वरपर्यंत जाऊन येतो. तेवढ्याने काही होत नाही. रविवारी मात्र त्र्यंबक रोडने अंजनेरी फाट्यापर्यंत गेलो आणि पायांची वाट लागली. उजव्या टाचेवर रुपयाएवढा पाण्याचा फोड, डाव्या करंगळीच्या कडेला आणखी एक. बूट रनिंगचे आहेत, चांगले रुळलेले, एरवी कधी चावले नाहीत. मोजे साधे सुती. घरी येऊन काढले तर पिळता येतील इतके ओले होते.

सासूबाईंचं म्हणणं, बूटबीट काही नको, पट्ट्याची चप्पल घाल. आणि फोडावर त्यांचा इलाज ठरलेला: सुईत दोरा ओवून फोडातून आरपार काढायचा आणि दोरा तसाच आत ठेवायचा. पाणी झिरपून जातं म्हणे. मी अजून पायाला हात लावू दिलेला नाही, त्यामुळे घरात जरा थंड वातावरण आहे.

तर बूट की सँडल? आणि जूनमध्ये आज तापलेला डांबरी रस्ता, उद्या पाऊस, त्यात मोज्यांचं काय करायचं? दोऱ्याबद्दलही कुणी खात्रीचं सांगेल का? सासूबाईंना पटेल असं सांगा, मला पटून उपयोग नाही.

सिन्नरकर:
ताई, बूट की सँडल हा वाद दिंडीत रोज रात्री मुक्कामावर चालतो आणि कधी मिटत नाही. माझं मत सांगतो. दोन्ही घ्या. एक पायात, एक पिशवीत. कोरड्या दिवशी बूट. पाऊस लागला की मागे पट्टा असलेले फ्लोटर्स, कारण बूट एकदा आतून भिजला की मुक्कामावर सकाळपर्यंत वाळत नाही, आणि ओल्या बुटात दुसरा दिवस काढणं म्हणजे फोडांना आवतण. पण फ्लोटर्समध्ये पट्ट्याखाली खडी आणि वाळू शिरते. तासाभराने थांबून पाय झटका, आळस करू नका.

नुसती अंगठ्याची चप्पल मात्र नको. ती पायातून निसटू नये म्हणून बोटं सारखी आवळून धरावी लागतात. भाजी आणायला ठीक आहे, दिवसभर चालल्यावर बोटांच्या बेचक्यात सोलतं.

टाचेचा फोड तुम्हाला मोहदरी घाटात परत त्रास देणार. चढावर टाच बुटात वरखाली होते आणि मागचा काठ घासतो. घाटाआधी थांबून नाडी नव्याने बांधा. बुटाला सगळ्यात वर, घोट्यापाशी एक जादा भोक असतं, त्यात नाडी ओवून त्याच बाजूला छोटा फासा करायचा, समोरचं टोक त्यातून काढायचं आणि मग ओढून गाठ मारायची. टाच जागची हलत नाही.

मेनरोडचा दुकानदार:
बूट रुळलेले आहेत म्हणता, पण माप बरोबर आहे का? लांब चालल्यावर पाय सुजतो. सकाळी फिट बसलेला बूट दुपारी आखूड होतो. करंगळीचा फोड मला तरी त्याचाच वाटतो.

माप संध्याकाळी घ्या, तेही जे मोजे घालून चालणार ते घालूनच. उभं राहिल्यावर सगळ्यात लांब बोटापुढे अंगठ्याची रुंदी मोकळी राहायला हवी. बहुतेकांना नेहमीपेक्षा अर्धा किंवा एक नंबर मोठा लागतो. दोन पायांत फरक असतोच, मोठ्या पायाचं माप धरा. पुढून रुंद आणि टाचेला घट्ट असा जोड मागा. गिऱ्हाईक तळ दाबून मऊ आहे का एवढंच बघतं आणि बोटं आवळली तर म्हणतं, सैल होईल हळूहळू. लांबी काही वाढत नाही हो. आणि नवा जोड घेणार असाल तर आत्ताच घ्या, पालखीच्या आदल्या आठवड्यात नको.

इंदिरानगरचा डॉक्टर:
दोऱ्याबद्दल आधी. फोडावरची कातडी हीच सगळ्यात चांगली पट्टी असते, खालची जखम ती झाकून ठेवते. दोरा आत राहिला की बाहेरची माती आणि घाम आत जायला कायमची वाट होते. पाणी निघतं हे सासूबाई खरं सांगतात, पण जंतूही त्याच वाटेने जातात.

छोटा, न दुखणारा फोड फोडू नका. मोठा असेल आणि पाऊलच टेकवत नसेल तर हात धुऊन, जागा साफ करून, मेडिकलमधून आणलेल्या पाकीटबंद निर्जंतुक सुईने कडेला टोचा, पाणी हलकेच दाबून काढा. कातडी कापायची नाही. वर मलम आणि न चिकटणारी पट्टी. लाली पसरत गेली, पू झाला, ताप आला, तर चालणं थांबवून डॉक्टर गाठायचा.

हे तुमच्यासाठी. सासूबाईंसाठी नाही. शुगर असलेल्यांनी घरी सुई लावायचीच नाही. पुष्कळांच्या पायातली संवेदना कमी झालेली असते, फोड येतो आणि कळतही नाही. निघण्याआधी त्यांचे तळपाय तपासून घ्या. १० ग्रॅमच्या दाबाला वाकणारा नायलॉनचा तंतू तळव्याला टेकवून, स्पर्श कळतो का ते बघतात, दुखत नाही, वेळ लागत नाही. रोज मुक्कामावर पोचल्यावर दोन्ही पाय, बोटांच्या फटींसकट, उजेडात बघायचे. ते तुम्ही करा, त्यांना वाकून दिसणार नाही. तुम्ही परतल्यावर दिंडीतल्या कुणाला तरी हे काम आधीच सांगून ठेवा. अनवाणी चालण्याचा नवस असेल तर तो दुसऱ्या कुणाकडून फेडून घ्या.

गडवाटेचा:
डॉक्टरसाहेबांना अनुमोदन. मोज्यांबद्दल कुणी बोललं नाही म्हणून लिहितो.

सुती मोजा घाम पितो आणि धरून ठेवतो. ओली कातडी जास्त घासली जाते, कातडीचे थर एकमेकांवर सरकतात, मध्ये पोकळी होते आणि तिथे पाणी भरतं. सिंथेटिक किंवा बारीक लोकरीचे मोजे घ्या. उन्हाळ्यात लोकर ऐकून हसू नका, पातळ येतात. करंगळीला त्रास असेल तर पाच बोटांचे मोजे मिळतात, दिसायला विचित्र, कामाला चोख. मोज्याची शिवण करंगळीवर येते का तेही बघा. येत असेल तर उलटा करून घाला.

दुसरं म्हणजे मेडिकलमधली साधी कागदी चिकटपट्टी. २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात २५० किलोमीटरच्या, टप्प्याटप्प्याने होणाऱ्या शर्यतीतल्या धावपटूंच्या पायाच्या काही भागाला ती लावली आणि त्याच पायाचा बाकीचा भाग तसाच ठेवला. पट्टीच्या जागी फोड सुमारे ४० टक्क्यांनी कमी आले. सकाळी, पाय कोरडा असताना, तेल-व्हॅसलिन लावायच्या आधी लावायची. चौकोनी तुकड्याची टोकं कात्रीने गोल करा, नाहीतर मोज्यात अडकून सुटतात. सुरकुती पडली तर काढून नवी लावा, तीच सुरकुती फोड आणते.

आणि चालताना एखाद्या जागी चटका लागल्यासारखं झालं की तिथेच बाजूला बसायचं. "पुढच्या विसाव्याला बघू" म्हटलं की फोड पक्का. दिंडी पुढे गेली तर जाऊ द्या, विसाव्याला गाठता येते.

सासूबाईंचा पक्ष:
सगळं खरं, पण सासूबाईंची चप्पल इतकी टाकाऊ ठरवू नका. त्यांचे पाय त्याच चपलेला सरावलेत. निघायच्या तोंडावर त्यांना बुटात कोंबलंत तर वेगळ्याच जागी फोड येतील. त्यापेक्षा मागे पट्टा असलेली, पुढून बंद अशी सँडल घ्या आणि आत्तापासून रोज सोमेश्वरला तीच घालायला सांगा.

धागाकर्ती:
सगळ्यांचे आभार. डॉक्टरांचा प्रतिसाद सासूबाईंना वाचून दाखवला. "शुगरवाल्यांनी सुई नाही" यावर गप्प झाल्या, मग म्हणाल्या, तुला तर शुगर नाही ना. दोरा तरीही रद्द झालाय. तळपाय तपासायला शनिवारी जातोय. माझे बूट मापले, खरंच आखूड निघाले. पुढून बंद सँडल त्यांना दाखवली, रंग पसंत नाही, म्हणजे बाकी पसंत आहे.

आता एकच राहिलं. मोजे रोज धुऊन वाळवायचे कुठे? मुक्कामावर जागा नसते असं ऐकलंय.

सिन्नरकर:
रात्री धुऊन टॉवेलमध्ये गुंडाळा आणि टॉवेलवर उभं राहून पिळा, निम्मं पाणी तिथेच जातं. सकाळी ओलसर राहिले तर पाठीवरच्या सॅकला सेफ्टी पिनने बाहेरून लावा, चालता चालता वाळतात. तीन जोड ठेवा. पिना जरा जास्तच घ्या, दिंडीत त्या मागून नेणारे फार.