मदत हवी आहे: आईच्या तोंडाची चव गेली आहे, कोणाला दाखवावे?

मोगरा:
आईला कशालाच चव लागत नाही. काल डाळ तळाला लागली, करपल्याचा वास बाहेरच्या खोलीपर्यंत आला, तरी शेगडीपाशी उभ्या असलेल्या तिला पत्ता नव्हता. जिभेचा इलाज कोण करते? कृपया लवकर सांगावे.

कोकमसार:
हे कधीपासून आहे, आधी सर्दी झाली होती का, डोक्याला मार लागला होता का? मीठ आणि साखर त्यांना ओळखता येते का?

मोगरा:
दीड महिन्यापूर्वी जोराची सर्दी झाली होती. मीठ, साखर, लिंबू ओळखते, मिरचीही झोंबते. म्हणूनच काही कळत नाही.

कोकमसार:
म्हणजे जीभ शाबूत आहे, गेला आहे तो वास. जिभेला गोड, खारट, आंबट, कडू आणि उमामी (रश्शासारखी मुरलेली चव) एवढेच कळते. तिखट ही चव नसून जळजळ आहे. हिंग-जिऱ्याचा स्वाद घास चावताना घशामागून नाकात चढतो आणि तिथल्या वास टिपणाऱ्या सुमारे ४०० प्रकारच्या ग्राहकांमुळे (रिसेप्टर) ओळखू येतो. नाक चिमटीत धरून बडीशेप चावून पाहा, नुसती गोडसर लागेल; नाक सोडताच ती बडीशेप होते. कान-नाक-घसा तज्ज्ञांना दाखवा.

दक्षिणायन:
जिभेच्या टोकाला गोड आणि मागे कडू कळते, तेव्हा आधी जीभच तपासावी. मला झिंकच्या गोळ्यांनी आठवड्यात गुण आला.

अभ्यासू:
जिभेवरच्या चवींचा तो नकाशा चुकीचा आहे. जर्मन संशोधक हेनिग यांना १९०१ मध्ये जिभेच्या भागांत किंचितच फरक आढळला होता, पुढे तो फुगवला गेला. सर्दीनंतर गेलेला वास अनेकदा आपोआप परततो, त्यामुळे श्रेय गोळीला देता येत नाही. त्यापेक्षा वासाचे संशोधक हुमेल यांनी २००९ मध्ये मांडलेला हुंगण्याचा सराव करावा: गुलाब, लिंबू, लवंग आणि निलगिरी, रोज दोनदा, १२ आठवडे.

दक्षिणायन:
माझा अनुभव मी नाकारणार नाही.

चवदार:
उमामी जपानी रसायनशास्त्रज्ञ इकेदा यांनी १९०८ मध्ये समुद्रशैवालाच्या रश्शातून शोधली. अजिनोमोटो त्यातूनच आले.

कोकमसार:
मोगरा, गॅस गळला तर त्यांना वास येणार नाही, हे घरात सर्वांना आजच सांगा.

मोगरा:
सांगितले, उद्याची वेळही घेतली. लवंग हुंगून आईला काहीच जाणवले नाही, पण निलगिरीने नाकात गार झोंबले. म्हणजे वास आला असे धरावे का?

अभ्यासू:
नाही, ते मिरचीसारखेच झोंबणे आहे, त्याची नस वेगळी असते. पण डॉक्टरांना हे अवश्य सांगा.