मदत हवी आहे: पोकरमध्ये माझा ब्लफ दर वेळी पकडला जातो

सूरसागरकाठी (धागाकर्ता), शनिवार रात्री ११:५२

आत्ताच डाव मोडला. आज पुन्हा तेच. सहा वेळा ब्लफ मारला, पाच वेळा पकडला गेलो. सहाव्या वेळी साडूनं स्वतःची पानं धड न बघताच कॉल केला (माझ्याइतकेच लावून पानं उघडायला लावली), आणि वर तोच जिंकला.

दोन महिने हे चाललंय. चेहऱ्यावर काही दिसत नाही, आरशासमोर बसून खात्री केलीय. चष्मा काढून पाहिला. गॉगल घालून पाहिला (रात्रीचे दहा, घरात, सगळे हसले). व्हिडिओ बघितले, त्यात सांगतात आधी तासभर फक्त चांगल्या पानांवर खेळा म्हणजे लोक घाबरतात. खेळलो. कोणी घाबरत नाही.

ब्लफ सुधारायचा कसा? पुढच्या शनिवारच्या आत सांगा. 'जुगार वाईट' वगैरे कृपया नको.

मांजलपूरकर, रविवार सकाळी ७:१०

श्रावणातला पत्त्यांचा हंगाम लागायच्या आधीच सुरुवात? मजा आहे. सोपं आहे, पानं बघूच नका. ब्लाइंड चालत राहा. बघून खेळणाऱ्याला तुमच्या दुप्पट टाकावे लागतात, तो आपोआप ढिला पडतो. आणि लक्षात ठेवा, तीन पानांचे एकूण २२,१०० प्रकार, त्यातले १६,४४० म्हणजे जवळजवळ पाऊण नुसते फुसके, साधी जोडीसुद्धा नाही. म्हणजे समोरच्याकडेही बहुतेक वेळा काही नसतं. ट्रेल (तिन्ही पानं सारखी) तर फक्त ५२.

सूरसागरकाठी, ७:४५

शीर्षकात पोकर लिहिलंय. तीन पत्ती नाही.

मांजलपूरकर, ७:४८

तत्त्व तेच आहे.

किलवर_गुलाम, ८:२०

तत्त्व अजिबात तेच नाही, पण ते राहू दे. धागाकर्ते, काहीच माहिती दिली नाहीत तुम्ही. पोकरचा कोणता प्रकार? किती जण बसता? ब्लफ कधी मारता, फ्लॉपवर (मधली पहिली तीन पानं) की रिव्हरवर (शेवटचं, पाचवं)? आणि किती लावता?

सूरसागरकाठी, ८:३१

नेहमीचंच. हातात दोन पानं, मध्ये पाच. सहा जण, आमच्याच घरी, बडोद्यात, दांडिया बाजारात. शेवटचं पान उघडलं आणि माझं काही जमलं नाही की मारतो. वीस लावतो.

किलवर_गुलाम, ८:३३

मध्ये किती जमलेले असताना वीस?

सूरसागरकाठी, ८:४०

दीडशे-दोनशे असतात तोपर्यंत.

किलवर_गुलाम, ८:५८

मग पकडणारच ना हो! मध्ये दोनशे पडलेत, तुम्ही वीस टाकता. समोरच्यानं वीस टाकले की त्याला दोनशे वीस मिळवायची संधी. बारा वेळांत एकदा जरी तो बरोबर निघाला तरी त्याचं नुकसान नाही. मीसुद्धा दुर्रीच्या जोडीवर कॉल करीन.

हिशेब असा बसतो: पॉटच्या (मध्ये जमलेल्याच्या) निम्मे लावलेत तर तीनातून एकदा समोरचा पानं टाकून पळाला तरी तुमची बरोबरी. पॉटइतके लावलेत तर दोनातून एकदा पळायला हवा. वीस लावून तुमचं फार जात नाही हे खरं, पण पळायला कारणच नाही कुणाला.

दुसरं, नुसत्या हवेवर हूल देऊ नका. फ्लॉपवर एकाच रंगाची चार पानं झाली असतील (दोन हातातली, दोन मधली) तेव्हाच दामटा. त्या रंगाची नऊ पानं अजून बाहेर आहेत, पुढच्या दोन पानांत रंग (एकाच रंगाची पाच पानं) बसायची शक्यता ३५ टक्क्यांच्या आसपास. समोरचा पळाला तर उत्तम, नाही पळाला तरी तुमच्याकडे काहीतरी उरतं. ही अर्धी हूल शिका, मग पुरती.

ऑल_इन_अण्णा, ९:१५

निम्मे-बिम्मे काय लावता, सगळं सारा. २००३ च्या पोकरच्या वर्ल्ड सिरीजच्या अंतिम लढतीत ख्रिस मनीमेकरनं हेच केलं. पेशानं अकाउंटंट, हातात राजा आणि सत्ती, जमलं काहीच नव्हतं, आणि सगळ्या चिप्स मध्ये. समोर सॅमी फार्हा, मुरलेला खेळाडू, नव्वीची जोडी घेऊन बसलेला. टाकून दिली त्यानं. मनीमेकरला पंचवीस लाख डॉलर मिळाले. छातीत दम लागतो.

किलवर_गुलाम, ९:२८

अण्णा, अर्धीच गोष्ट सांगू नका. चौथ्या पानाला त्याचा इस्पिकचा रंग आणि सिक्वेन्स (ओळीनं पाच पानं) दोन्ही एका पानावर अडले होते. शेवटच्या पानाला दोन्ही हुकले, तेव्हा त्यानं सगळं सारलं. आधीपासून तो तीच गोष्ट सांगत आला होता, म्हणून फार्हाला ती पटली.

ऑल_इन_अण्णा, ९:३०

म्हणजे दम लागतोच ना.

गणिती_किडा, १०:०५

एक मुद्दा सुटतोय. गणितज्ञ फॉन नॉयमननं पोकरचं छोटं रूप घेऊन गणित मांडलं होतं, त्यात निघालं की हूल अगदी टाकाऊ पानांवर द्यावी, मध्यम पानांवर नाही. मध्यम पानं गुपचूप उघडायची, कारण ती अशीही कधीकधी जिंकतात. बहुतेक लोक उलटं करतात, मध्यम जोडी घेऊन घाबरून मोठं लावतात. आणि हूल सुधारायची म्हणजे वाढवायची नाही. रिव्हरवर पॉटइतके लावत असाल तर दोन खऱ्या डावांमागे एक खोटा, एवढंच प्रमाण.

पेन्शनर_कोठी, १०:४०

आमच्या लहानपणी कोठीवरच्या वाड्यात गौरीजेवणानंतर रात्रभर पत्ते कुटायचे सगळे. मेंढीकोट, तीनशे चार, पाच-तीन-दोन. लहान मुलांना चॅलेंज. त्यातच थाप मारायला शिकलो. 'चार राजे' म्हणून चार फुसकी पानं उलटी ठेवायची आणि आजीकडे बघायचं नाही. एवढं येत असेल तर पोकर काय घेऊन बसलात. धर्मराजाचं काय झालं ते विसरू नका.

सूरसागरकाठी, १०:४४

काका, जुगार वाईट नको म्हटलं होतं. 😐

पेन्शनर_कोठी, १०:५१

मी जुगार वाईट म्हटलंच नाही. धर्मराजाला थाप मारता येत नव्हती, एवढंच म्हटलं.

रावपुरा_वकील, ११:३०

सगळे उत्साहानं गणितं मांडताहेत म्हणून सांगतो. आपण गुजरातेत आहोत. इथे अजून १८८७ चाच जुगारबंदीचा कायदा चालतो. रमीला सर्वोच्च न्यायालयानं १९६८ मध्ये कौशल्याचा खेळ म्हटलं, पण पोकरच्या बाबतीत आपल्या उच्च न्यायालयानं डिसेंबर २०१७ मध्ये उलटा निकाल दिला, नशिबाचा खेळ. त्यामुळे दांडिया बाजारात सहा जण जमवून दर शनिवारी, तेही असं जाहीर लिहून... पैसे कितीचे असतात?

सूरसागरकाठी, ११:३८

छे हो, पैसे कुठले! चिंचोके असतात. सासूबाईंचा एक डबा आहे, भरलेला. ज्याचे संपतात तो डब्यातून मूठभर घेतो.

किलवर_गुलाम, ११:४०

थांबा थांबा थांबा.

किलवर_गुलाम, ११:५२

हे पहिल्याच ओळीत लिहायचं होतं की हो! मी इथे टक्के काढत बसलोय. तुमच्या ब्लफमध्ये काही दोष नाही. चिंचोके संपले की डब्यातून नवे मिळतात, मग पानं टाकून कोण पळेल? 'बघू तरी याच्याकडे काय आहे' म्हणून सगळे कॉल करणार. फुकट आहे ना! साडूनं पानं न बघता कॉल केला तो मूर्खपणा नाही, तुमच्या घरच्या नियमात तेच शहाणपण आहे. जिथे कोणी पळतच नाही तिथे ब्लफ मारायचाच नसतो. चांगली पानं आली की भरपूर लावा, लोक देतील. संपला विषय.

ऑल_इन_अण्णा, १२:१०

म्हणजे सगळं सारलं तरी कॉल?

किलवर_गुलाम, १२:१२

सगळं म्हणजे काय, अण्णा? चिंचोके!

अलकापुरी_नवखा, १२:३०

मोबाइलवर सराव करा ना. मी एका अ‍ॅपवर रोज खेळायचो.

रावपुरा_वकील, १२:४१

पैशाची अ‍ॅपं केंद्राच्या ऑगस्ट २०२५ च्या कायद्यानं बंद झाली. उरली ती फुकट चिप्सवाली, म्हणजे पुन्हा सासूबाईंचा डबाच.

गणिती_किडा, १२:५५

मग डब्याला झाकण लावा. पैसे नकोत, पण चिंचोके मोजून द्या. प्रत्येकी शंभर, संपले की बाहेर, पुन्हा भरणं नाही. आणि बाहेर गेलेल्याला काहीतरी काम लावा.

मांजलपूरकर, १३:०५

जो पहिला बाहेर तो सकाळी सगळ्यांसाठी सेव उसळ आणेल. पॅक करायला (पानं टाकायला) शिकतील बघा.

रावपुरा_वकील, १३:१५

सेव उसळीलाही किंमत असते, पण जाऊ दे. भांडी घासायला लावा, ते सुरक्षित.

पुण्याहून_आलेली, १३:२०

सेव उसळ म्हणजे मिसळच ना?

मांजलपूरकर, १३:२१

नाही.

पेन्शनर_कोठी, १३:२४

अजिबात नाही. इथे तर्री वेगळ्या वाटीत येते, ज्यानं त्यानं आपल्या मापानं ओतायची. मिसळीत तुम्हाला कोणी विचारत नाही.

पुण्याहून_आलेली, १३:३०

बरं. मूळ प्रश्नावर: मी सासरच्या माणसांत खेळते, पैसे नाहीत, पण हरलेल्याला टोमणे खावे लागतात, ते पुरतं. धागाकर्ते, एक विचारू? मध्ये तिसरं इस्पिक उघडलं की तुम्ही हातातली पानं पुन्हा उचलून बघता का?

सूरसागरकाठी, १३:४७

असेल. रंग बसला का ते बघायला नको?

पुण्याहून_आलेली, १४:०२

तेच. दोन्ही पानं इस्पिकची असतील तर माणसाच्या ते लक्षात असतं, बघावं लागत नाही. एक लाल आणि एक काळं असलं की 'काळं इस्पिक होतं की किलवर' म्हणून कोपरा उचलतो. म्हणजे बघितलं की समजावं, रंग बसलेला नाही. आणि लगेच पुढे तुम्ही रंग असल्यासारखे वीस टाकता. चेहरा आरशात बघितलात, हात नाही बघितले.

पानं पहिल्यांदाच नीट पाठ करा आणि वर एक चिंचोका ठेवून द्या. मग डाव संपेपर्यंत हात लावायचा नाही.

सूरसागरकाठी, १४:३०

बायकोला विचारलं. म्हणाली, "तुम्ही बघता की! आम्हा सगळ्यांना माहीत आहे." दोन महिने सगळ्यांना माहीत आहे!

इंदूरी_पोहेवाला, सोमवार ९:००

पत्ते कोणते वापरता? कागदी पत्त्यांना दोन महिन्यांत खुणा पडतात, एक्क्याचा कोपरा दुमडतो. प्लॅस्टिकचे घ्या, ओल्या फडक्यानं पुसता येतात. पिसताना हातातून निसटतात सुरुवातीला, पण सवय होते.

किलवर_गुलाम, ९:१४

हे कोणी विचारलं होतं?

सूरसागरकाठी, पुढचा रविवार, सकाळी १०:२०

सांगायला आलो. डब्याला झाकण लावलं. प्रत्येकी शंभर मोजले, त्यातच अर्धा तास गेला. पहिला बाहेर जाईल त्यानं सगळ्यांचे कप-बशा विसळायच्या असं ठरलं. पहिला तासभर लोक जुन्या सवयीनं कॉल करत होते. मग शेजारच्या काकांचे संपले आणि ते खरोखर उठून मोरीपाशी गेले. तिथून सगळं बदललं. माणसं पानं टाकायला लागली हो!

एक डाव लिहितो. हातात बदामाची अठ्ठी-सत्ती. फ्लॉपवर बदाम राजा, बदाम तिर्री, किलवर दश्शी. चार बदाम झाले म्हणून किलवरगुलाम म्हणाले तसं तिथूनच लावत आलो. चौथं पान चौकट चौकी, शेवटची इस्पिक राणी. काही नाही जमलं. मध्ये नव्वद, मी साठ लावले. पानांवर चिंचोका ठेवलेला, हात मांडीवर. साडूकडे चौसष्ट उरले होते. त्यानं ते दोनदा मोजले. एकदा मोरीकडे बघितलं. मग दश्शीची जोडी उलटी न करता, दाखवून, टाकली. मी माझी दाखवली नाही.

ऑल_इन_अण्णा, १०:३१

वा! पुढे?

सूरसागरकाठी, १०:४०

पुढे चेव आला. अर्ध्या तासानं पुन्हा मारला, या वेळी बायको समोर होती. ऐंशीच्या पॉटमध्ये पंचावन्न. तिनं लगेच कॉल केला. पंजीची जोडी होती तिच्याकडे, फक्त पंजीची!

किलवर_गुलाम, १०:४६

पानं उचललीत का परत?

सूरसागरकाठी, १०:४९

नाही. शपथेवर सांगतो, चिंचोका होता तिथेच होता.

पुण्याहून_आलेली, १०:५५

मग कशावरून ओळखलं त्यांनी? विचारा ना.

सूरसागरकाठी, ११:२०

रात्रीपासून विचारतोय. सांगत नाही. म्हणते, कप विसळा आधी.