प्रतिसाद: माश्यांचं खाद्य आणि विकरं

खाद्यात ग्लुकोज जास्त दिलं की फळमाश्यांची जनुकं बदलतात, असं या चर्चेत वर कुणीतरी म्हटलंय. ते पटत नाही. आयती साखर मिळाली की ड्रोसोफिलात (म्हणजे याच फळमाश्यांत) अमायलेज, म्हणजे पिष्ट (स्टार्च) पचवणारं विकर (एन्झाइम), कमी बनतं, पिष्टावर ठेवलं की वाढतं. डीएनए तसाच राहतो. वंशात फरक पडतो तो निवडीमुळे, म्हणजे त्या खाद्यावर ज्या माश्या जास्त तगतात त्यांचीच पिल्लं वाढत गेल्यामुळे. अल्कोहोल पचवणाऱ्या अल्कोहोल डिहायड्रोजिनेज या विकराचंच बघा: फास्ट आणि स्लो अशी दोन रूपं, फरक फक्त १९२व्या जागेवरच्या अमिनो आम्लाचा, थ्रिओनिन की लायसिन. फास्टची क्रिया जास्त, त्यामुळे अल्कोहोलवाल्या खाद्यावर पिढ्यान्‌पिढ्या वाढवलेल्या माश्यांत बऱ्याच प्रयोगांत त्याचं प्रमाण वाढलेलं दिसतं. आपल्या सोलापूरच्या मार्केट यार्डात फुटक्या, आंबलेल्या डाळिंबांवर घोंगावणाऱ्या चिलटांना तर हे अल्कोहोल फुकटच मिळतं!

एक गोष्ट इथे कुणीच काढली नाही. कॉलेजात आम्ही मक्याचं पीठ, गूळ, यीस्ट आणि अगार शिजवून खाद्य करायचो, वर बुरशी येऊ नये म्हणून प्रोपिऑनिक आम्ल. तेही रसायनच की. प्रयोगात तुलनेसाठी ठेवलेल्या बाटलीत (कंट्रोल) ते तेवढंच नसेल, तर विकरातला फरक नेमका कशामुळे आला ते सांगता येत नाही. आणि गूळ घातला म्हणजे साखर आलीच, अमायलेज मोजायचं असेल तर तो आधी बाजूला ठेवा.