९५ टक्के म्हणे! फाशांवरची लढाई: डिझाइन का जुगार?

गोदाकाठचा_ओर्क
काल एका भाऊंनी ज्ञान पाजळलं, "फाशावरची लढाई हीच खरी आरपीजी (पात्र घडवत खेळायचा गेम), ज्यांना हरणं पचत नाही त्यांनी कँडी फोडत बसावं." दिवसभर डोक्यात घुमायलंय म्हणून लिहायलोय. भाऊ, मी १९९८ च्या बाल्डर्स गेटपासून फासे झेलायलोय, थॅको, म्हणजे फासा किती पडला की घाव लागतो त्याचा जुना हिशोब, काय असतं ते सायबर कॅफेत तासाचे पैसे मोजून शिकलो, तवा कोण कँडी फोडतं ते मला सांगू नका. माझी तक्रार हरण्याची नाहीच. एक्सकॉममधी, म्हणजे एलियनशी आळीपाळीनं चाल करत लढायच्या गेममधी, बारा मिशन पोरावानी जपलेला स्नायपर, उंचावर बसवला, एलियन उघड्यावर, गोळी लागायचा आकडा ९५ टक्के, गोळी गेली आभाळात. पुढच्या टर्नला तोच मेला. मी चुकलो कुठं ते सांगा ना? आन मॉरोविंडमधी तर तलवार त्या खेकड्याच्या अंगातून आरपार जाताना डोळ्यानं दिसती, तरी गेम म्हणतो लागलीच नाही. मेहनत मपली, निकाल फाशाचा. ह्याला आमच्या गावात जुगार म्हणतात.

लातुरी_लॉजिक
चुकलात तर गणितात. ९५ म्हणजे विसात एकदा हुकणार. अशा २० गोळ्या झाडल्या तर त्यातली एक तरी हुकायची शक्यता ६४ टक्के होते, म्हणजे हुकणं हेच नेहमीचं. लागलेल्या १९ तुम्ही कधी मोजल्या?
आन एक सांगतो, तुमच्यासारख्यांच्या रडण्यापायीच गेमवाले खोटं बोलायला शिकले. फायर एम्ब्लेम २००२ पासून एक आकडा काढायच्या ऐवजी दोन काढून त्यांची सरासरी धरायला लागला, पडद्यावर ९० दिसतं पण खरं असतं ९८ च्या वर. एक्सकॉम सोप्या लेव्हलवर गुपचूप तुमच्या पारड्यात वजन टाकतो. बाल्डर्स गेट ३ मधी कर्मिक डाइस चालूच करून दिलेलं असतं, लागोपाठ फासे वाईट पडू नयेत म्हणून. खरा फासा दिला की जुगार, आन आतून शिसं भरलेला दिला की "वा काय बॅलन्स आहे"!

निजामकालीन_एनपीसी
दोघंबी अर्धंच बोलायलेत. नशीब कवा येतं ते बघा ना. रमीत पत्ते आधी पडतात, मग डोकं चालवायचं, वाईट हात आला तरी पॅक करायची सोय असते. इनटू द ब्रीचमधी तर शत्रू कुठं मारणार ते आधीच दिसतं, मग तुमची चाल. एक्सकॉममधी उलटं, सगळं डोकं लावून झाल्यावर फासा. राग येतो तो ह्या क्रमाचा, फाशाचा नाही.

लातुरी_लॉजिक
मग बुद्धिबळच खेळा की, तिथं फासाच नाही. डिस्को एलिझियम खेळलात का? दोन फाशांवर चालतो, आन हरण्यातच सगळी मजा हाय.

गोदाकाठचा_ओर्क
खेळलो. पहिल्या दहा मिनिटात पंख्याला अडकलेला टाय काढताना हार्ट अटॅकनं मेलो. पण हसलो, कारण तिथं हरलं तरी गोष्ट होते. एक्सकॉममधी हरलं की फक्त कबर होते. ह्यातला फरक कळत नसल तर राहू द्या.

मोंढ्यातला_मांत्रिक
एवढं कशाला भांडायलाव, मी सरळ एफ८ दाबतो आन पुन्हा लोड मारतो. पण एक्सकॉममधी लोड मारला तरी तीच गोळी तशीच हुकती, असं कामून?

लातुरी_लॉजिक
कारण सेव्हसोबत सीडबी, म्हणजे ज्या आकड्यावरून गेम पुढचे सगळे फासे काढतो तो, सेव्ह होतं. त्याच सीडमधून तेच आकडे त्याच क्रमानं निघणार. आधी दुसऱ्या शिपायाला गोळी मारायला लावा, क्रम बदलला की निकाल बदलतो. पण हा रडीचा डाव झाला.

सोयाबीन_सम्राट
सीडचं नाव काढू नका राव, आधीच डोकं फिरलंय. २०२० चा खरीप. पिशवीवर छापलेलं, उगवण ७० टक्के. पाऊस चांगला झालता, वाफसा बघून पेरलं, आठ दिवसांनी तासात बघतो तर हातभर मोकळं, मग एक रोप, पुन्हा मोकळं. बोटानं उकरलं तर दाणा कुजून काळा. त्या साली अख्ख्या मराठवाड्यातून तक्रारी होत्या, मी एकटा नव्हतो. दुकानदार म्हणे खोल पेरलं आसल, कंपनीचा माणूस म्हणे पाऊस कमी. दुबार पेरली. तुमचा एक स्नायपर गेला तर एवढा मोठा लेख, आमच्या सात एकराला लोड मारायचं बटण कुठाय?

लातुरी_लॉजिक
ते वाईटच झालं. पण ७० म्हणजे ३० उगवणार नाहीतच, ते धरूनच एकरी ३० किलो सांगतात ना? एकरात दाणे दोन लाखाच्या वर. एवढ्या फाशांत सरासरी बरोबर बसते. तुमचं बसलं नाही म्हणजे छापलेला आकडाच खोटा होता, नशीब नाही.

सोयाबीन_सम्राट
पुण्यात एसीत बसून सरासरी सांगायला काय जातंय. पेरणी केली का कधी? तिफणीमागं चाललास का?

लातुरी_लॉजिक
औशात घर हाय, वडील अजून शेतीच करतात. पुणं कुठून काढलं? हिशोब जमला नाही की गावावर यायचं, हीच तुमची खोड.

निजामकालीन_एनपीसी
शांत घ्या. पण भांडणातून काम झालं. सम्राटांच्या रानात दोन लाख फासे पडतात आन ओर्कच्या हातात मिशनमधी दहा-पंधरा. एवढ्याशा फाशांत सरासरी बसायला वेळच मिळत नाही, त्यात एका गोळीवर बारा मिशनची कमाई लावलेली. पाच-पाच घाव लागणाऱ्या लढाईत हेच ९५ कुणाला टोचत नाही.

गोदाकाठचा_ओर्क
हेच तर मी पहिल्यापासून म्हणायलोय!

लातुरी_लॉजिक
नाही, तुम्ही जुगार म्हणायलात. वर जाऊन वाचा.

गोदाकाठचा_ओर्क
बरं बाबा, गणित तुमचं बरोबर, घ्या, आता हार घालू का? पण मग आकडा ९५ का लिहिता, "विसातली एक हुकणार" असं लिहा ना. तसं लिहिलं असतं तर मी स्नायपरमागं दुसरा माणूस उभा केला असता.

लातुरी_लॉजिक
ही गोष्ट मात्र मान्य. एवढीच.

मोंढ्यातला_मांत्रिक
क्रम बदलून बघितला. आधी ग्रेनेड टाकला, मग गोळी लागली 😂 रडीचा का होईना, डाव जिंकला.

सोयाबीन_सम्राट
औशेकर, पुण्याचं मागं घेतो. कंपनीचं आणणं तवापासून बंदच केलंय. घरचंच बियाणं, परवा ओल्या गोणपाटात १०० दाणे ओळीनं मांडून गुंडाळी केलीय, कालच दोन-चारला मोड दिसले. शेवटचे कितीबी निघू दे, पिशवीवर कुणी छापलेले नाहीत, मपल्या हातानं मोजलेले असतील.

लातुरी_लॉजिक
एकच गुंडाळी नका करू. चार करा आन सरासरी काढा. ७० च्या खाली आलं तर बियाणं वाढवा.

सोयाबीन_सम्राट
चारच केल्यात. आम्हाला काय खुळं समजलास का?

गोदाकाठचा_ओर्क
धागा गेमचा होता राव.