मदत हवी आहे: लेझरवर कापायला पीव्हीसी नसलेली स्टिकर फिल्म

सोलापुरात माझा ६० वॅटचा सीओटू लेझर आहे. टेम्पो आणि दुकानांच्या काचांवरची अक्षरं कापायची आहेत. स्टिकरचं नेहमीचं व्हिनाइल म्हणजे पीव्हीसी, क्लोरीन असलेलं प्लास्टिक. लेझरखाली त्यातून हायड्रोजन क्लोराइड निघतो, तो फुफ्फुसांना घातक आणि मशीनचे रेल गंजवणारा. एक्झॉस्ट असला तरी ते कापणार नाही, हे पक्कं. "पीव्हीसी नाही" म्हणून दिलेले दोन रोल तपासले: तापलेली तांब्याची तार फिल्मला टेकवून ज्योतीत धरली, दोन्ही वेळा ज्योत हिरवी. म्हणजे क्लोरीन आहेच! पॉलिएस्टर छान कापतं, पण गोलाईवर कडा उचलतात. पात्याने फिल्म कापणाऱ्या मशीनचं (कटिंग प्लॉटर) बजेट सध्या नाही.

इथल्या ४० अंशांपुढच्या उन्हात टिकणारी, गोंद असलेली पॉलिप्रॉपिलीन किंवा अ‍ॅक्रिलिक फिल्म कोणी वापरली आहे का? किती मायक्रॉनची, आणि डेटाशीटवर नेमकं काय बघायचं?